बुडाकडून शेंड्याकडे

झाडांना पाणी घालतात ते झाडांसाठी, असा एक गोड समज आहे. पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत सकाळी साडेसहा ते आठच्या दरम्यान मान वर करून गॅलऱ्यांकडे पाहिलं, की तो फारसा टिकत नाही. कोणी पाइपच्या तोंडावर अंगठा दाबून फवारा काढत असतं. कोणी तांब्यातलं रात्रीचं उरलेलं पाणी मोगऱ्याला द्यायचं की गुलाबाला, यावर लहानशी सुनावणी घेत असतं. तांदूळ धुतलेल्या पाण्याचे हक्कदार वेगळे, चहाच्या चोथ्याचे वेगळे. समोरच्या इमारतीतले एक गृहस्थ तर पान न् पान ओलं झाल्याशिवाय आत जात नाहीत. बायको आतून "अहो, पोहे गार होतायत" म्हणून ओरडते, तेव्हा त्यांचा चेहरा ऐन पूरपरिस्थितीत घरी बोलावून घेतलेल्या तहसीलदाराचा होतो. मातीचा वास, पानांवरचे थेंब, कुंडीच्या भोकातून ठिबकणारं गढूळ पाणी आणि शेवटी कमरेवर हात ठेवून सोडलेला सुस्कारा, ही सगळी मिळकत पाणी घालणाऱ्याची. झाडाच्या पोटात किती गेलं, हे विचारायची पद्धत नाही.

कुंडीला खालून पाणी द्यायची रीत नेमकी या मिळकतीवर गदा आणते. विरोध होतो तो म्हणून. बाकीची कारणं लोक मागाहून शोधतात.

रीत अगदी सोपी. पसरट टबात कुंडीच्या उंचीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकं पाणी घ्यायचं, बुडाला भोकं असलेली कुंडी त्यात ठेवायची आणि आपल्या कामाला निघून जायचं. लहान कुंडी असेल तर अर्ध्या तासात वरची माती ओलसर दिसायला लागते. मग कुंडी उचलायची, निथळू द्यायची, जागेवर ठेवायची. यातली एकच पायरी अवघड, ती म्हणजे निघून जायचं. झाडाजवळ उभं राहून काहीही न करणं आपल्याकडे कुणाला शिकवलेलं नाही.

आमच्याकडे हे सगळं नानांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, डोळ्यांदेखत घडलं. आणि नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. हयातभर त्यांनी पाणी वरून खाली सोडलं: धरण, कालवा, चारी, पोटचारी. खालून वर जाणारं पाणी त्यांच्या लेखी एक तर मोटेचं, नाहीतर पंपाचं, आणि त्याचं टेबल वेगळं. पीस लिली, दोन स्नेक प्लांट आणि एक आफ्रिकन व्हायोलेट असा गोतावळा बाथरूममधल्या टबात बसवून मी ऑफिसच्या कॉलला गेले, तर नानांनी बाथरूमच्या दारात स्टूल ओढून बैठक मारली.

पाहण्यासारखं होतं, हे कबूल केलं पाहिजे. कुंडी पाण्यात टेकली की बुडाशी चार-दोन बुडबुडे सुटतात आणि मग काहीच होत नाही. वर माती फिकट, कोरडी, पोह्यांच्या चुऱ्यासारखी भुरभुरीत. बराच वेळ गेला की काठाशी एक गडद ठिपका उमटतो. पलीकडे दुसरा. मग ते ठिपके एकमेकांचा हात धरतात, काठाने ओल फिरते, आणि मधलं कोरडं बेट आकसत आकसत जाऊन खोडाशी संपतं. वरून एक थेंब पडलेला नसतो. पानांची लव कोरडीच्या कोरडी. आफ्रिकन व्हायोलेटला तर हेच हवं असतं. तिच्या केसाळ पानांवर गार पाणी पडलं की डाग पडतात आणि ते जात नाहीत. टांझानिया-केनियाकडची ही बाई पुण्यात येऊन नाजूक झाली असं नाही, ती मुळातच तशी आहे.

कॉल संपवून मी आले तेव्हा नाना अजून तिथेच होते.

"प्यायली सगळी," मी म्हणाले.

"ते ठीक आहे," नाना म्हणाले, "पण यात आपण काय केलं?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी विज्ञान काढलं. मातीच्या कणांमधल्या फटी म्हणजे वेड्यावाकड्या बारीक नळ्या. पाणी त्यांच्या भिंतींना चिकटतं आणि मागच्या पाण्यालाही ओढून घेतं. हे केशाकर्षण. नळी जितकी बारीक, तितकं पाणी उंच. जेम्स ज्युरिन नावाच्या इंग्रज डॉक्टरने १७१८ मध्ये हा नियम मांडला. एक मिलिमीटर व्यासाच्या स्वच्छ काचनळीत पाणी साधारण तीन सेंटिमीटर चढतं, नळी दहापट बारीक केली तर तीस. म्हणून भरड रेतीत पाणी लवकर दमतं आणि बारीक मातीत सावकाश का होईना, पण वरपर्यंत जातं. आइनस्टाइनचा छापून आलेला पहिला शोधनिबंध केशाकर्षणावरच होता, १९०१ चा. पुढे त्याने स्वतःच आपलं ते सुरुवातीचं काम कवडीमोल ठरवलं. आणि १९९९ मध्ये लेन फिशर या भौतिकशास्त्रज्ञाला इग नोबेल मिळालं ते चहात बिस्कीट नेमकं कसं आणि किती वेळ बुडवावं, हे गणिताने काढल्याबद्दल. त्यातही हेच चढतं पाणी. म्हणजे या विषयात आइनस्टाइनच्या पदरी पश्चात्ताप आणि बिस्किटाच्या पदरी पारितोषिक.

"बिस्किटाचं पटलं," नाना म्हणाले.

खरं तर इतक्या लांब जायची गरज नव्हती. आमच्या सोसायटीच्या तळमजल्याच्या भिंती वर्षानुवर्षं खालूनच पाणी पितायत, आणि त्यांना कोणी टब आणून दिलेला नाही. दर वार्षिक सभेत त्या ओलीवर तासभर चर्चा होते. त्या चर्चेत ज्युरिनचं नाव येत नाही, बिल्डरचं येतं, आणि सोबत जी विशेषणं येतात ती इतिवृत्तात घेत नाहीत.

ही रीत निव्वळ हौस म्हणून आलेली नाही. हल्ली नर्सरीतून आणलेलं रोप कोकोपीटमध्ये असतं. कोकोपीट भिजलेलं असतं तोवर गुणी. एकदा का खडखडीत वाळलं, की पाण्याला ओळखही दाखवत नाही. सुकून त्याचा गोळा आक्रसतो, गोळा आणि कुंडी यांच्यात फट पडते. आता वरून मगभर पाणी ओता. ते फटीतून सरळ खाली जातं आणि दहा सेकंदांत भोकातून बाहेर. ओतणारा खूश, "अगदी पोटभर झालं, बघ, खालून आलं सुद्धा!" आणि आत मुळं कोरडी ठणठणीत. झाड आठवडाभराने मान टाकतं, तेव्हा निदान होतं की पाणी जास्त झालं, आणि मग तेवढंही बंद होतं. कुंडी उचलून पाहिली तर वजनावरूनच कळतं. प्यालेली कुंडी हाताला जड लागते, फसवली गेलेली हलकी. टबात मात्र त्या कोरड्या गोळ्याला पाण्याला चुकवून जायला वाट नसते. तासभर मांडीला मांडी लावून बसलं की तो नरमतो.

दुसरा फायदा चिलटांचा. घरातल्या कुंड्यांवर जी बारीक काळी चिलटं संध्याकाळी चहाच्या कपाची चौकशी करायला येतात, त्यांना अंडी घालायला वरची ओली माती लागते. वरचा थर बराच काळ कोरडा राहिला की त्यांचा वंश खुंटतो. कोथिंबीर, सब्जा यांचं बी पेरलेल्या ट्रेला तर खालूनच पाणी द्यावं. वरून झारी सोडली की बी एका कोपऱ्यात गोळा होतं आणि कोथिंबीर फक्त तिथेच उगवते, गर्दी करून.

तिसरा फायदा खालच्या मजल्यावरच्या काकूंचा. आमच्या गॅलरीतून ठिबकणारं पाणी त्यांच्या वाळत घातलेल्या साड्यांवर, उन्हाळ्यात कुरडयांवर आणि एकदा दूधवाल्याच्या डोक्यावर पडलं होतं. काकू भांडत नाहीत. त्या वर येतात, सोफ्याच्या कडेला टेकतात, पाणी मागतात आणि ते पिऊन झाल्यावर "तुमचं पाणी चांगलं आहे हो, आमच्याकडे येईपर्यंत जरा गढूळ होतं" असं म्हणतात. असली वाक्यं ऐकण्यापेक्षा भांडण परवडतं. टब आल्यापासून काकूंचं येणं थांबलं.

नाना मात्र गप्प बसले नाहीत. एका सकाळी ते आपला गुलाब घेऊन आले. प्लॅस्टिकची मोठी कुंडी, त्यांनी स्वतः भरलेली. टबात ठेवली. तास झाला, दोन झाले, वरची माती तशीच. कानाकोपऱ्यात कुठे ठिपका नाही.

"बघ," नाना म्हणाले. आवाजात सौजन्य होतं, पण ते जिंकलेल्या माणसाचं.

कुंडी कशी भरली ते विचारल्यावर उलगडा झाला. तळाशी चार बोटं खडी. निचरा व्हावा म्हणून. टबात पाणी तीन बोटं. खडीच्या दगडांमधल्या फटी एवढ्या मोठ्या, की तिथून पाणी वर चढत नाही, आणि माती तर खडीच्या वर, पाण्यापासून एक बोट दूर. गुलाब बिचारा पहिल्या मजल्यावर तहानलेला आणि टाकी तळघरात.

या निमित्ताने हेही सांगून टाकते, की तळाशी खडी घातली म्हणजे निचरा वाढतो, ही समजूत घराघरांत आहे आणि ती खरी नाही. बारीक मातीतलं पाणी भरड खडीत सहजासहजी उतरतच नाही. सीमेवरची माती पुरती चिंब होईपर्यंत ते तिथेच लटकून राहतं. म्हणजे जो चिखल कुंडीच्या बुडाशी झाला असता तो खडीच्या वर, मुळांच्या आणखी जवळ होतो. माती वाहून जाऊ नये म्हणून भोकावर एक खापरी पुरते. मी हे नानांना जमेल तितक्या आदराने सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "खडी काढायची नाही. मी ती धुऊन घातलीय."

गॅलरीच्या कोपऱ्यात आता झारी रिकामी पडून होती. वामनाला दान देताना बळीच्या झारीच्या तोटीत शुक्राचार्य जाऊन बसले आणि दर्भाच्या टोकाने डोळा गमावून बाहेर आले, ही कथा आपल्याकडे पोराटोरांना माहीत असते. झारीच बंद केल्यावर त्यांनी काय करावं? तर ते कुंडीच्या भोकात येऊन बसतात. दोन-तीन वर्षं बदली न केलेल्या झाडाची मुळं भोकातून डोकावतात, मग तिथेच वेटोळं घालतात आणि पाण्याची वाट बुजवतात. असं झाड टबात बसूनही उपाशी उठतं. आमच्या जेडच्या बाबतीत सासूबाईंनी विणकामाची सुई घेऊन वामनाची भूमिका केली.

पण त्याच सासूबाई तुळशीच्या बाबतीत ठाम होत्या. "तुळशीला टबात बसवलंस तर याद राख." मी तसा विचारही केला नव्हता. तुळशीला पाणी घालायचं ते वरून, तांब्याने, नमस्कारासकट. खालून द्यायचं तर नमस्कार बाथरूमच्या दिशेने करावा लागतो, आणि तो कुठे पोहोचेल हे सांगता येत नाही. जास्वंदही सुटली. ती कुंडी उचलायला दोन माणसं आणि एक आयोडेक्स लागतं. एकूणच, जी कुंडी एका हाताने उचलता येत नाही तिला खालून पाणी द्यायला जाऊ नये. झाड वाचतं, कंबर जाते.

आळशी माणसांनी या रीतीचं जे रूप काढलंय त्याबद्दल मात्र दोन शब्द कडकच बोलायला हवेत. ते टबबिब काही करत नाहीत. कुंडीखालची ताटली कायमची भरून ठेवतात आणि त्याला "खालून पाणी देतो" असं म्हणतात. मुळांना सतत पाण्यात पाय सोडून बसवलं की त्यांना हवा मिळत नाही आणि ती सडतात, हे झालं झाडाचं. माणसाचं असं, की डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाला असलंच स्वच्छ, साठलेलं, कोणी न हलवलेलं पाणी आवडतं. आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, असं आरोग्य खातं सांगत असतं. (नानांच्या कट्ट्यावर ही सूचना वाचून दाखवली तेव्हा दोन सभासदांनी तिला वेगळ्याच मुद्द्यावर तीव्र हरकत घेतली.) ताटली नुसती ओतूनही भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेवर कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही महिनोन्महिने तग धरतात. ताटली घासावी लागते. पावसाळ्यात महापालिकेचा माणूस बॅटरी घेऊन गॅलऱ्या तपासायला येतो, तेव्हा एरवी कधी न घासलेल्या ताटल्या कशा लख्ख होतात ते पाहावं.

सुट्टीत गावाला जाताना तिसराच प्रकार करावा लागतो. वातीचा. सुती दोरीचं एक टोक भोकातून मातीत खोचायचं, दुसरं खाली पाण्याच्या डब्यात सोडायचं. डब्याला झाकण हवं, नाहीतर पुन्हा डासच. समईत तेल ज्या वाटेने वर चढतं त्याच वाटेने हे पाणी चढतं. दोरी कुठली वापरावी यावर बाजारात महागडी उत्तरं आहेत. आमच्याकडे परकराची सुती नाडी वापरतात. नवी असेल तर आधी धुऊन खळ काढायची. काही महिन्यांनी ती मातीत कुजते, मग दुसरी. कोकणातून परत आल्यावर झाडं टवटवीत होती आणि सासूबाईंच्या कपाटातले चार परकर बिननाडीचे. त्यावर घरात जे झालं ते इथे द्यायचं कारण नाही.

एवढं सगळं सुरळीत चाललेलं असताना माझे मामा शिरोळहून आले. उसाचे शेतकरी. त्यांनी चहाचा कप हातात घेऊन गॅलरीत फेरी मारली आणि स्नेक प्लांटच्या कुंडीवर वाकले. मातीवर पांढरी साय धरली होती. मामांनी बोटाने खरवडून पाहिली.

"पोरी, मीठ फुटलंय की गं."

आमच्याकडे उन्हाळाभर बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी. त्यात क्षार असतात. खालून दिलेलं पाणी वर चढतं, वरून उडून जातं आणि क्षार मागे वरच्या थरात ठेवून जातं. वरून कधी पाणी घातलंच नाही, तर ते धुऊन निघायला वाट नाही. मामांना हे सांगावं लागलं नाही, त्यांनीच मला सांगितलं. कृष्णा-पंचगंगेकाठच्या त्यांच्या भागात हीच गोष्ट एकरांनी झाली आहे. उसाला पाट भरभरून पाणी पाजलं, काळ्या भारी जमिनीत ते मुरून पातळी वर आली, तिथून केशाकर्षणाने आणखी वर, आणि उन्हाने पाणी उडालं की रान पांढरं. क्षारपड म्हणतात, मीठफुटी म्हणतात. मग जमिनीच्या पोटात भोकं पाडलेले पाइप घालून निचरा काढायचा, वरच्या पाण्याने क्षार धुवायचे, आणि वर्षंच्या वर्षं वाट बघायची.

"आमीच हावरटागत पाजलं," मामा म्हणाले. "ऊस हसला, रान रडलं."

नाना जागच्या जागी सावरून बसले. "मोजून घ्या म्हणून मी तेव्हाही सांगत होतो." ते मामांना सांगत नव्हते, कारण त्यांची नेमणूक त्या भागात कधीच नव्हती. ते एकंदर महाराष्ट्राला सांगत होते.

"आता ह्याला काय करायचं, मामा?"

"करायचं काय? म्हैन्यातनं एकदा वरनं चांगलं दाबून पाणी सोड. खालनं निघून जाऊ दे. दोन-तीन डाव. पयलं पाणी मातूर दुसऱ्या झाडाला घालू नगंस, बादलीत धर."

"वरून" हा शब्द ऐकला मात्र, नानांनी कोपऱ्यातली झारी उचलून तिच्यातली कोळ्याची जाळी झाडायला घेतली. मी काही बोलले नाही. वरून सोडलेलं पाणी गॅलरीतून खाली जाणार आणि काकू सोफ्याच्या कडेला येऊन टेकणार, एवढंच डोळ्यांसमोर येत होतं.

आणि काकू आल्याच, त्याच संध्याकाळी, अजून एक थेंबही खाली गेलेला नसताना. टेकल्या, पाणी मागितलं, प्यायल्या.

"तक्रार नाही हो," त्या म्हणाल्या. तक्रार अशीच सुरू होते. "पण तुमच्याकडून पाणी यायचं बंदच झालंय. बरे आहात ना सगळे?"

"आम्ही खालून देतो आता, काकू. एक थेंब सांडत नाही."

"हं, तेच. माझा ग्रिलमधला कढीपत्ता वाळला. गवती चहाही गेल्यात जमा. मी त्यांना पाणी कधी घातलंच नाही ना, तुमचंच यायचं."

बराच वेळ कोणी बोललं नाही. मामांनी मिशीवरून हात फिरवला. नाना उठले, आतून एक वही आणली, तारखा टाकल्या आणि त्या टेबलावरच आवर्तन निश्चित केलं: दर महिन्याचा पहिला रविवार, पहिलं पाणी बादलीत, पुढचं काकूंच्या लाभक्षेत्रात. पाणीपट्टी म्हणून कढीपत्ता. तो फुटल्यावर.

पहिल्या रविवारी सकाळी अकराला नाना भरलेली झारी हातात घेऊन गॅलरीच्या कठड्याशी उभे राहिले, दुसऱ्या हाताने फोन लावला आणि खात्याच्या जुन्या आवाजात म्हणाले, "वहिनी, विसर्ग सुरू करतोय. साड्या आत घ्या."

फोनची काही गरज नव्हती. खालच्या ग्रिलमधून काकूंचा आवाज थेटच आला.

"किती क्युसेकने, नाना?"